इब्राहिमभाईंची लीव्ह आणि बुदैयाचे किडे

पेस्ट कंट्रोलच्या ऑफिसात फोन घेणाऱ्या बाईला किस्से गोळा करावे लागत नाहीत, लोक ते स्वतःहून आणून देतात. घरात झुरळ निघालं की माणूस आधी खोटं बोलतो. "आमच्याकडे नव्हतंच हो, शेजाऱ्यांकडून आलं!" मग गयावया करतो, आणि शेवटी माझ्यावरच ओरडतो. बहरीनमध्ये आल्यापासून मी हेच ऐकतेय. कान पिकले आणि स्वभाव तिखट झाला, असं माझा नवरा म्हणतो. म्हणू दे!

आमचं ऑफिस सनद भागात. मे महिना तापला की भर दुपारी आम्ही फवारणी बंद ठेवतो, कारण औषध पानावर टिकायच्या आधीच वाळून जातं. त्या वेळात टेक्निशियन लोक मागच्या खोलीत डबे उघडून बसतात. मीही माझा डबा घेऊन तिथेच जाते. सकाळभरात कोणी काय ऐकवलं ते सगळं तिथे निघतं.

यंदाचे किस्से मात्र एकाच किड्याचे. सिकाडा! झाडावर बसून भर उन्हात किर्रर्र करणारा तो. हा प्राणी पिल्लू असताना वर्षानुवर्षं जमिनीत मुळांचा रस पीत राहतो, मग एका उन्हाळ्यात वर येतो, कात टाकतो, झाडावर चढतो आणि ओरडायला लागतो. एरवी दरवर्षी थोडेफार असतात, कोणाचं लक्षही जात नाही. यंदा मात्र पोत्यानं बाहेर पडले. तो चावत नाही, डंख मारत नाही, घरात शिरत नाही. महिनाभर ओरडतो आणि मरतो. म्हणजे ज्याच्यासाठी पेस्ट कंट्रोलला फोन करायची काही म्हणजे काही गरज नाही, असा हा एकमेव किडा. आणि आमचा फोन त्याच्याचसाठी दिवसभर वाजत होता!

त्याचं मला काही वाटलं नसतं. पण ह्या किड्यांपायी आमच्या इब्राहिमभाईंची मंजूर झालेली लीव्ह साहेबांनी परत घेतली, आणि तीही मुलीच्या लग्नाची. इब्राहिमभाई आमचे सगळ्यात जुने टेक्निशियन. गाव रत्नागिरीकडचं. एकुलती एक मुलगी, नाझनीन. तिकीट झालं होतं, बॅग भरली होती. आता तुम्हीच सांगा, मी हे किस्से शांतपणे सांगायचे कसे?

* * *

सुरुवात आमच्या साहेबांपासूनच करते. साहेब म्हणजे मॅनेजर. एमबीए आहेत. किड्यांचा आणि त्यांचा संबंध फक्त इन्व्हॉइसवर येतो.

पहिल्याच आठवड्यात सनदमधल्या एका गृहस्थांचा फोन आला. आदल्या दिवशी आमची गाडी त्यांच्याकडे जाऊन आली होती. गृहस्थ भलतेच खूश! "एक्सलंट जॉब! सगळे मेलेत. कंपाउंडच्या भिंतीवर जिथल्या तिथे चिकटून मेलेत!" त्यांनी फोटोसुद्धा पाठवला. भिंतभर तपकिरी किडे, हलायचं नाव नाही.

साहेबांनी तो फोटो लगेच कंपनीच्या व्हॉट्सॲप स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, 'हंड्रेड परसेंट रिझल्ट'. मला म्हणाले, "देखा? इसको बोलते हैं मार्केटिंग!"

दत्ताने तो फोटो जेवताना पाहिला. दत्ता आमचा ड्रायव्हर, वेळ पडली तर फवारणीचा पंपही मारतो. कराडकडचा आहे. त्याने फोटो मोठा केला, पुन्हा मोठा केला आणि भाकरी खाली ठेवली.

"आवं ताई, ही तर कात हाय. पाठीवर चीर बगा की. आतलं पाव्हणं कवाच झाडावर गेलं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी गृहस्थांचा पुन्हा फोन. मेलेले सगळे किडे एका सुरात ओरडत होते! साहेबांनी स्टेटस काढून टाकलं आणि इब्राहिमभाईंना बोलावून विचारलं, "ठीक से क्यों नहीं मारा?"

* * *

मुहर्रकच्या एका दुकानदाराची कथा वेगळी. जुन्या घराच्या खाली दुकान, मागच्या अंगणात एकच कडुनिंब. ह्या माणसाला आवाज आला तो वाटला एसीचा. एसीवाला आला, पंखा बदलून गेला. आवाज तसाच. मग इलेक्ट्रिशियन आला, त्याने मीटरची पेटी उघडून ठेवली. मग फ्रीजवर संशय घेतला. बिचाऱ्या फ्रीजला एक आख्खी दुपार बंद ठेवलं, आतलं दही आंबून गेलं. शेवटी शेजारी म्हणाला की हे किडे आहेत, तेव्हा फोन आम्हाला.

दत्ता आणि इब्राहिमभाई गेले. दत्ताने फांदी धरून गदागदा हलवली. आवाज एकदम बंद!

दुकानदाराचे डोळे भरून आले. त्याने दोघांना बसवलं, चहा दिला, खजूर दिले. चहा संपायच्या आत किर्रर्र पुन्हा सुरू. दत्ताने समजावलं, शेठ, हलवलं की ते घाबरून गप्प बसतात, थोड्या वेळाने पुन्हा ओरडतात, महिनाभर कळ काढा.

दुकानदाराने विचार केला आणि मला फोन लावला. "मॅडम, औषध नको. हा फांदी हलवणारा माणूस महिनाभर इथेच ठेवून जा!"

मी म्हटलं, "शेठ, तुमच्या घरात चार जण आहेत, त्यांना हात नाहीत का?"

हे वाक्य साहेबांच्या कानावर गेलं आणि मला कस्टमर केअरवर लेक्चर मिळालं.

* * *

आता बुदैयाच्या मॅडम. मोठा व्हिला, मोठी बाग. कडुनिंब, बदाम, खजूर, सगळं आहे. बागेवर जीव आहे बाईंचा, हे मी मान्य करते. पण त्यांच्या अटी ऐका. झाडाची फांदी कापायची नाही. मांजरं आहेत, तेव्हा उग्र औषध नको. मधमाश्यांना काही होता कामा नये. फुलांवर पाय पडता कामा नये. आणि किडे गप्प झाले पाहिजेत!

मी विचारलं, "मॅडम, मग त्यांना सांगायचं कसं?"

त्यांना विनोद कळत नाही. रोज सकाळी त्यांचा फोन यायचा. बोलायच्या आधी त्या फोन झाडाकडे धरायच्या. "ऐकलंत?" मी म्हणायची, "ऐकलं." "अजून ऐका!" म्हणून पुन्हा धरायच्या. एकदा मला दुसऱ्या लाइनवर कॉल आला म्हणून मी त्यांना होल्डवर टाकलं. परत आले तर म्हणतात, "ही तुमची होल्डची ट्यून बंद करा. त्यापेक्षा किडे बरे!"

हसायला येतं ना? मलाही आलं. पण ह्याच बाईंनी साहेबांना फोन करून सांगितलं की माझ्याकडे फक्त तो म्हातारा माणूस पाठवा, तो फुलांवर पाय देत नाही. साहेब म्हणाले, "शुअर मॅडम, कम्प्लेंट क्लोज होईपर्यंत तोच येईल." बुदैयाच्या त्या रस्त्यावरचे अर्धे व्हिले ह्यांच्या ओळखीचे, ते सगळे हातचे जातील ही साहेबांना भीती.

तो म्हातारा माणूस म्हणजे इब्राहिमभाई! पन्नाशी ओलांडलेला माणूस, खाली बघून जपून पाय टाकतो, ही त्यांची चूक. त्याच दिवशी त्यांची लीव्ह गेली. धसमुसळेपणा केला असता तर आज मुलीच्या लग्नात मिरवले असते.

* * *

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं.

मी म्हटलं, "सर, मुलीचं लग्न आहे."

साहेब म्हणाले, "तो पोस्टपोन करो ना. आजकल सब पोस्टपोन होता है."

मी सांगितलं, नवरा मुलगा कुवेतला आहे. त्याची स्वतःची लीव्ह मोजकी. तो परत गेला की पुढच्या वर्षापर्यंत येत नाही. मांडव सांगितलाय, आचारी सांगितलाय, सगळ्या वाडीला आमंत्रणं गेलीत. पुढे पाऊस आहे. हे लग्न हलणार नाही.

साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "देखिए, शादी तो फिर भी हो सकती है. ये कीड़े का सीझन एक महीने का ही है!"

मी केबिनच्या बाहेर आले आणि दार जरा जोरात लावलं. आपटलं म्हणा हवं तर.

दत्ता म्हणाला, "ताई, मी जातो की बुदैयाला. मी बी बघून पाय टाकीन."

गेला बिचारा. पहिल्याच फेरीत त्याच्या पाठीवरच्या पंपाची नळी गुलाबात अडकली. दहा मिनिटांत मॅडमचा फोन!

इब्राहिमभाई मात्र एक शब्द बोलले नाहीत. मी संतापून विचारलं, "तुम्ही का नाही भांडत?" तर म्हणाले, "ताई, व्हिसा त्यांच्या हातात हाय. मुलीच्या लग्नाच्या तोंडावर नोकरी घालवू काय? नवऱ्याकडची काय म्हनतील?"

ते बरोबर बोलत होते, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

* * *

माझ्या घरीही शांतता नव्हती. माझा मुलगा आठवीत. मराठी सगळी कळते, उत्तर इंग्रजीत देतो. त्याला शाळेत ह्याच किड्यांवर प्रोजेक्ट मिळालं. संध्याकाळी माझ्याकडे बघून म्हणतो, "आई, यू आर किलिंग इनोसंट क्रीचर्स!"

मी म्हटलं, "अरे, मी फोन घेते."

"सेम थिंग!"

मी वाद न घालता कणीक मळायला घेतली. तत्त्वाचा प्रश्न होता. अर्ध्या तासाने बाथरूममधून किंकाळी आली. बघते तर चिरंजीव कमोडच्या झाकणावर उभे. खाली एक झुरळ.

"आई, किल इट! किल इट!"

मी म्हटलं, "इनोसंट क्रीचर आहे," आणि पोळ्या लाटायला निघून गेले.

* * *

आमच्या मराठी लोकांचीही कमाल आहे. एका ओळखीच्या काकूंनी फोन केला. त्यांच्या गच्चीवर सत्यनारायण होता, संध्याकाळी शंभरेक माणसं. "अगं, तुमची माणसं पाठव ना जरा. आपल्यातलंच काम आहे." आपल्यातलंच म्हणजे फुकट, हे तुम्हाला कळलं असेलच!

मी म्हटलं, "काकू, ते दिवस मावळला की आपोआप गप्प होतात. पूजा होऊ द्या."

काकू म्हणाल्या, "ते ठीक आहे, पण लोक म्हणतील यांच्याकडे पूजेला किडे!"

मी इब्राहिमभाईंचं सगळं त्यांना सांगितलं. म्हटलं, इथे एका माणसाचं मुलीच्या लग्नाला जाणं ह्या किड्यांपायी राहतंय. काकू हळहळल्या. खरंच हळहळल्या, नाही म्हणत नाही. म्हणाल्या, "बिचारा! मग तो इथेच असणार ना? त्यालाच पाठव."

मी फोन ठेवून दिला. काकू अजून माझ्याशी बोलत नाहीत. बरं झालं!

* * *

एक किस्सा मात्र कधीही आठवला की मला बरं वाटतं.

मॅडमची कम्प्लेंट काही बंद होईना म्हणून साहेब स्वतः बुदैयाला इन्स्पेक्शनला गेले. सूट घालून, मे महिन्यात! मॅडमसमोर इंप्रेशन पाडायचं होतं. कडुनिंबाखाली उभे राहून मॅडमना म्हणाले, आमची टीम इंटरनॅशनल स्टँडर्डप्रमाणे काम करते.

आता ह्या किड्याची एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल. तो दिवसभर झाडाचा रस पितो. जेवढा पितो तेवढा बाहेर टाकतो. फांदीवर शेकड्यांनी किडे बसलेले असले की खाली बारीक तुषार पडत राहतात, थंडगार.

साहेबांच्या टकलावर तुषार पडले. साहेब चमकले. वर बघितलं, दोन्ही हात पसरले, डोळे मिटून तोंड वर केलं. "वाऽव! मे में बारिश! वेरी लकी, मॅडम, वेरी लकी!"

मॅडमही पुढे येऊन शेजारी उभ्या राहिल्या. दोघं बराच वेळ तसे उभे होते.

इब्राहिमभाई पंप धरून बाजूला उभे. दत्ता गाडीमागे जाऊन हसून हसून खाली बसला. दुपारी त्याने हे सांगितलं तेव्हा मला डबा बंद करावा लागला.

मी इब्राहिमभाईंना विचारलं, "अहो, तुम्हाला माहीत होतं ना? मग सांगितलं का नाही?"

ते डब्यातला मासळीचा तुकडा नीट काटे काढून खात होते. म्हणाले, "ताई, त्यांनी माजी लीव्ह काढून घेतली, तवा तरी मी कुठं काय बोललो?"

* * *

लग्नाचा दिवस रविवार. इथे रविवार म्हणजे कामाचा दिवस. सकाळी साडेनऊला इब्राहिमभाई बुदैयाच्या बागेत, दत्ता बरोबर. मी दत्ताला बजावून ठेवलं होतं की आज त्यांना एकटं सोडायचं नाही. पुढचं दत्ताने सांगितलं. इब्राहिमभाई तेव्हा मागच्या खोलीतच होते.

तिकडे रत्नागिरीला दुपार झालेली. मांडव भरलेला, नवरा मुलगा बसलेला. मुलीच्या वतीने कोणी उभं राहायचं, हे बापाने आपल्या तोंडाने सांगायचं असतं. इब्राहिमभाईंनी धाकट्या भावाचं नाव सांगायचं ठरलं होतं. व्हिडिओ कॉल वाडीत धड चालेना, म्हणून साधा फोन लावला. मौलवींनी तो स्पीकरवर ठेवून मांडवात मध्यभागी धरला. बायका आतल्या खोलीत, दाराशी दाटीवाटीने. 

इब्राहिमभाई अंगावरचा कंपनीचा ओव्हरऑल सारखा करून कडुनिंबाखाली ताठ उभे राहिले. बोलले. पण त्या वेळी किडे असे पेटले होते की शेजारी उभ्या दत्तालाही ऐकू येईना. मांडवात फोनमधून नुसतं किर्रर्र! मौलवी म्हणाले, "भाई, पुन्हा बोला." भाई पुन्हा बोलले. पुन्हा किर्रर्र. ते फाटकाकडे पळाले, तिथे बदामाचं झाड ओरडत होतं. भिंतीकडे गेले, तिथेही तेच.

दत्ताने पाण्याचा पाइप ओढला, नळ पूर्ण सोडला आणि झाडावर धार धरली. गुलाब, मांजरं, कशाची पर्वा केली नाही. वरच्या खिडकीतून मॅडम ओरडत होत्या. त्यांच्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

झाड गप्प झालं. इब्राहिमभाईंनी मोठ्याने, एकेक शब्द तोडून भावाचं नाव सांगितलं. मांडवात सगळ्यांनी ऐकलं. मौलवींनी आत नाझनीनचं कबूल घेतलं, बाहेर नवऱ्या मुलाचं घेतलं, दुवा झाली. दत्ता तोवर पाइप धरून उभा होता, नखशिखान्त भिजलेला.

इब्राहिमभाईंनी ओल्या बाहीने तोंड पुसलं. म्हणाले, "नाझनीनच्या आयशीला फोन द्या."

तिकडे जरा गडबड झाली. मग भावाची बायको फोनवर आली.

इथे तुम्हाला एक सांगायला हवं. इब्राहिमभाईंच्या घरामागे फणसाचं मोठं झाड आहे. मे महिन्यात ते ह्याच किड्यांनी असंच ओरडत असतं. एस.टी.च्या थांब्यावरून येणारी पायवाट त्याच फणसाखालून घराच्या मागल्या दारी येते. मागच्या लीव्हला, मेमध्येच, इब्राहिमभाई कोणाला न कळवता आले होते, फणसाखाली उभं राहून त्यांनी बायकोला फोन केला होता, आणि फोनमधलं किर्रर्र ऐकून ती बोलत बोलत मागलं दार उघडून बघते तर हे समोर.

"तुझी भाबी कुठं हाय?" इब्राहिमभाईंनी विचारलं.

"भाबी मगाशीच मागल्या दारी गेली," ती म्हणाली. "फोनमधून तो आवाज आला नि ती उठलीच. तुमचे पाय धुवायला पानी घेऊन गेली."